संगीत रंगभूमीवरील ऑर्गन : संग्रह, दुरुस्ती आणि मूळ सुराचे जतन
(विशेष संदर्भ : रत्नागिरी जिल्हा)

बीजसंज्ञा : ऑर्गन, पायपेटी, संगीत रंगभूमी, सूर, भाता, दुरुस्ती, जतन, रत्नागिरी.

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी संगीत नाटकाच्या गायनाला ज्या वाद्याने आधार दिला ते ऑर्गन हे वाद्य मूळचे या भूमीतील नव्हे. अमेरिकेतील बोस्टन व व्हरमाँट आणि जर्मनीतील लाइपझिग येथील कारखान्यांत, ख्रिस्ती कुटुंबांतील प्रार्थनेसाठी व लहान चर्चसाठी ते तयार होत असे. जहाजाने ते मुंबईस उतरले आणि नाटक कंपन्यांच्या पेटाऱ्यांबरोबर गावोगाव फिरू लागले. पुढे कंपन्या बंद पडल्या, पडदे फाटले, पेटारे विकले गेले. ऑर्गन मात्र कोठे देवळाच्या कोठीत, कोठे वाड्याच्या माळ्यावर, कोठे एखाद्या शाळेच्या अडगळीत पडून राहिले. असे ऑर्गन शोधून काढणे, विकत घेणे, दुरुस्त करणे आणि पुन्हा मैफलीत आणणे हा आज मोजक्या वादकांचा, संग्राहकांचा व कारागिरांचा व्यासंग बनला आहे.

संगीत नाटकांच्या संहिता, त्यांतील पदे आणि गायक-नट यांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. ज्या लाकडी पेटीतून त्या पदांचा आधारस्वर निघत होता तिच्या भौतिक अस्तित्वाचा विचार मात्र त्या मानाने कमी झाला. प्रस्तुत लेखात या वाद्याची रचना, कोकणातील त्याचा संदर्भ आणि मुख्यत्वे दुरुस्ती करताना उद्भवणारा एक प्रश्न यांची चर्चा केली आहे. तो प्रश्न असा : जुने वाद्य वाजते करण्यासाठी त्यातील काय बदलता येते आणि काय बदलल्यास ते जुने राहत नाही?

पायपेटी आणि ऑर्गन

बोलण्यात 'पायपेटी' व 'ऑर्गन' हे शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. दुरुस्तीच्या दृष्टीने हा घोळ महागात पडतो, म्हणून त्यातील भेद प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे.

दोन्ही वाद्यांत आवाज निघतो तो पितळी जिभेतून. पितळेच्या पट्टीला एक लांबट खाच असते आणि त्या खाचेवर एका टोकाने घट्ट बसवलेली पातळ जीभ असते. हवा खाचेतून जाताना ती जीभ थरथरते. या पट्टी-जिभेच्या जोडीला आपल्याकडील कारागीर 'सूर' म्हणतात. 'या पेटीचे सूर पॅरिसचे आहेत' किंवा 'जर्मन जुबिलेटचे आहेत' असे वाक्य जाणकारांच्या गप्पांत हमखास ऐकू येते ते याच अर्थाने. सूर सारखेच असले, तरी हवा कोणत्या दिशेने वाहते यावर वाद्याची जात ठरते. पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबॅं याने १८४२ साली एकस्व घेतलेल्या हार्मोनियममध्ये भाता हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा सुरांतून बाहेर पडते. आपली हातपेटी या कुळातील आहे आणि पायांनी भाता चालवायची पायपेटीही. दशावतारी नाटकांत वापरली जाणारी पायपेटी ती हीच.

अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये नेमके उलट घडते. पेडल दाबताच लहान भाते मोठ्या भात्यातील हवा ओढून बाहेर टाकतात. मोठा भाता आत मिटतो आणि त्याच्या आतील स्प्रिंगा त्याला पुन्हा उघडू पाहतात. वादकाने पट्टी दाबली की झडप उघडते आणि बाहेरची हवा सुरांतून आत ओढली जाते. ओढलेल्या हवेवर बोलणारा सूर दाबलेल्या हवेवर बोलणाऱ्या सुरापेक्षा मऊ, गोलसर व काहीसा दुरून आल्यासारखा वाटतो. त्यातच या ऑर्गनचे सूर सरळ नसतात. प्रत्येक जिभेला कारखान्यात हाताने किंचित बाक आणि पीळ दिलेला असतो. त्यावरच तिचा आवाज रुंद, बारीक वा सारंगीसारखा ठरतो. ही क्रिया कोणत्याही मोजपट्टीने पुरतेपणी सांगता येत नाही. कारागिराच्या कानाने ती ठरवलेली असते, आणि पुढील सर्व चर्चेचे मर्म या बाकातच आहे.

बोस्टनच्या मेसन अँड हॅमलिन या १८५४ साली सुरू झालेल्या कंपनीने आणि व्हरमाँटमधील ब्रॅटलबरो येथील एस्टे कंपनीने अशी वाद्ये मोठ्या प्रमाणावर तयार केली. एकट्या एस्टेने पाच लाखांहून अधिक ऑर्गन बनवले. जर्मनीत मॅनबोर्गने ही पद्धत रुजवली. साधारणतः पाच सप्तकांच्या एकसष्ट पट्ट्या, त्यांमागे सुरांचे दोन वा अधिक संच, वरच्या फळीवर ओढायच्या खुंट्या आणि गुडघ्याने सरकवून आवाज लहान-मोठा करायची तरफ, असा त्याचा सर्वसाधारण थाट असतो. दोन पूर्ण संच म्हटले तरी एकशे बावीस सूर होतात.

रंगभूमीवरील ऑर्गन आणि रत्नागिरी

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने संगीत नाटकाची परंपरा सुरू झाली तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविणे ही गायक-नटाची जबाबदारी होती आणि त्याला तितकाच भरदार, अखंड आधार हवा होता. हातपेटीच्या वादकाचा एक हात भात्यात अडकतो. ऑर्गनवादकाचे दोन्ही हात मोकळे राहतात. त्यामुळे उजव्या हाताने गायकाची तान घेत असताना डावा हात खालचा षड्ज धरून ठेवू शकतो. श्वास घेण्यासाठी गायक थांबला तरी स्वर तुटत नाही. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या पेटीवादकाने 'मानापमान' (१९११) या नाटकाच्या पदांना चाली दिल्या, यातही पेटी व रंगभूमी यांचे जवळचे नाते दिसते. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे अशी साथ होती. या साथीमुळे ऑर्गनला मराठी रसिकांच्या मनात जी प्रतिष्ठा मिळाली ती त्याच्या मूळ देशातही त्याला फारशी लाभली नसावी. तेथे पियानो परवडू लागताच तो घराबाहेर गेला.

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला मज्जाव केला. भारतीय संगीतातील मींड आणि श्रुती तिच्या ठरीव पट्ट्यांतून निघत नाहीत, हा त्यामागचा युक्तिवाद होता. जवळजवळ तीन दशके टिकलेल्या या बंदीचा नाट्यगृहातील प्रेक्षकांवर काही परिणाम झाला असे दिसत नाही.

रत्नागिरी जिल्ह्याचा या परंपरेशी संबंध अनेक अंगांनी येतो. स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना (१९२४ ते १९३७) त्यांनी लिहिलेले 'संन्यस्त खड्ग' १९३१ साली मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यास वझेबुवांचे संगीत होते. हार्मोनियम व ऑर्गन या दोन्ही वाद्यांवर असाधारण प्रभुत्व असणारे पं. गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) हे गुहागर तालुक्यातील अडूरचे. कंपन्यांचा काळ संपल्यानंतर जे संगीत नाटक पुन्हा उभे राहिले त्याच्या साथीचा आदर्श त्यांच्या वादनाने घालून दिला. रत्नागिरी शहरात 'खल्वायन' या संस्थेने संगीत नाटके सातत्याने उभी केली, आणि शहरातील सावरकर नाट्यगृहात राज्य संगीत नाट्य स्पर्धेचे प्रयोग झाले आहेत. तात्पर्य, येथे ऑर्गन हे केवळ दिवाणखान्यात मांडून ठेवायचे वाद्य नाही. त्याला अजून काम आहे.

संग्राहकांचे जग

जुनी वाद्ये गोळा करणाऱ्यांची जगात अनेक वर्तुळे आहेत. त्यांतील सर्वांत गाजलेले वर्तुळ इलेक्ट्रिक गिटारचे आहे. गिब्सनची १९५२ पासूनची 'लेस पॉल' आणि फेंडरची १९५४ पासूनची 'स्ट्रॅटोकास्टर' या गिटारी तेथे चित्रांप्रमाणे विकल्या जातात. १९६५ साली फेंडर कंपनी सीबीएसने विकत घेतली, तो दिवस संग्राहकांच्या दृष्टीने युगान्ताचा. त्याआधीची गिटार आणि नंतरची गिटार यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर असते. गिटारीतील आवाजाच्या खुंटीखाली दडलेल्या भागावर वर्ष व आठवडा यांचा सांकेतिक आकडा उमटवलेला असतो. तो वाचून काळ ठरवतात. तारेचे मूळचे डाखकामही कोणी छेडलेले चालत नाही. रंग पुन्हा दिलेली गिटार कितीही उत्तम वाजली तरी तिचे मूल्य कोसळते. या वर्तुळाचा नियम थोडक्यात 'हात लावू नका' असा आहे, आणि तो त्यांना परवडतो, कारण तशीच नवी गिटार आजही दुकानात मिळते. वाजवायला नवी, जपायला जुनी अशी वाटणी तेथे शक्य आहे.

ऑर्गनच्या बाबतीत ही वाटणी फार काळ शक्य नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य कारखाने एकेक करून थंडावले. एस्टे कंपनी १९६० मध्ये बंद झाली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. संगीत नाटकाला ऑर्गन हवा असेल तर तो जुनाच हवा, आणि जुना असूनही त्याने आज रात्री तीन तास वाजले पाहिजे, अशी परिस्थिती निर्माण झाली. म्हणून येथील संग्राहक हा बहुधा वादक असतो, वादक हा अर्धा कारागीर असतो आणि कारागीर उत्तम ऐकणारा असावा लागतो. एकाकडे मॅनबोर्गच्या झडपांच्या स्प्रिंगा असतात, दुसऱ्याकडे मेसन अँड हॅमलिनचा मोडका सांगाडा असतो. देवाणघेवाणीवर हे सारे चालते. दोन मोडक्या ऑर्गनमधून एक वाजता करणे ही या वर्तुळातील नित्याची गोष्ट आहे. तिचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही : प्रत्येक जोडणीबरोबर जगातील ऑर्गनची संख्या एकाने कमी होते.

या व्यवहारात दंतकथाही भरपूर चालतात. विक्रीस निघालेला प्रत्येक दुसरा ऑर्गन 'बालगंधर्वांच्या कंपनीतला' असतो. अशा दाव्याला आधार शोधायचा तर वाद्याच्या आत पाहावे लागते. मागील फळी काढल्यावर क्रमांकाचा शिक्का सापडतो. एस्टेसारख्या कंपन्यांच्या क्रमांकांवरून निर्मितीचे वर्ष ठरविता येते. मुंबईच्या एस. रोज आणि कंपनीसारख्या विक्रेत्यांच्या पट्ट्या काही वाद्यांवर आढळतात. कधी पट्टीच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेली दुरुस्तीची तारीख असते. घराण्यातील आठवण मोलाची असतेच, पण १९२५ नंतर तयार झालेला ऑर्गन १९१६ च्या 'स्वयंवरा'च्या पहिल्या प्रयोगाला असू शकत नाही, एवढे साधे गणित तरी मांडले पाहिजे.

दुरुस्ती : नाशवंत भाग

कोकणातील हवा ऑर्गनची शत्रू आहे. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. जुलैत लाकूड फुगते, पट्ट्या शेजारच्या पट्टीला घासू लागतात, झडप पूर्ण मिटत नाही आणि एखादा सूर कोणी न दाबताच रडत राहतो. मेमध्ये तेच लाकूड सुकून सांधे उघडतात. खाऱ्या वाऱ्याने स्प्रिंगा व स्क्रू गंजतात, पितळेवर हिरवट कळा चढते. कसर बनातीचे तुकडे खाते, उंदीर भात्याचे कातडे कुरतडतात आणि वाळवी सारेच खाते. काही घरांत पावसाळ्यात वाद्याशेजारी मंद दिवा लावून ठेवण्याची पद्धत होती. दमटपणावर तो उपाय चांगला होता. मात्र दिवा फार जवळ असला तर भात्याचे रबरी कापड वाळून तडकत असे.

दुरुस्तीचा आरंभ भात्यापासून होतो. पेडल मारून मोठा भाता पूर्ण मिटवायचा, पाय काढायचे आणि तो पुन्हा उघडायला किती वेळ लागतो ते पाहायचे. धडधाकट भाता सावकाश उघडतो. दोन-तीन सेकंदांत धाडकन उघडला तर कोठेतरी गळती आहे. ती बहुधा घड्यांच्या कोपऱ्यांवर असते, कारण कापड तेथेच सर्वांत जास्त दुमडते. मूळचे कापड रबराचा लेप दिलेले सुती असते आणि कोपऱ्यांवर मेंढीचे पातळ कातडे असते. ते जसेच्या तसे मिळत नाही म्हणून अनेक ठिकाणी रेक्झीन लावलेले दिसते. रेक्झीन हवा अडवते हे खरे, परंतु ते ताठ असते. भाता जड होतो, वादकाच्या पायाला त्याचा श्वास कळेनासा होतो, आणि काही वर्षांत घडीवर ते फाटतेही.

चिकटविण्याचे साधन ही वरवर क्षुल्लक वाटणारी बाब आहे. कारखान्यात सर्व जोड सरसाने केलेले असत. सरस उष्णतेने व ओलाव्याने सुटतो. म्हणजे शंभर वर्षांनंतरचा कारागीरही लाकूड न दुखवता जोड उघडू शकतो. आज हाताशी असलेला पांढरा कृत्रिम डिंक अधिक पक्का असतो, आणि नेमका तोच त्याचा दोष आहे. पुढच्या वेळी कापड काढताना त्याबरोबर लाकडाचा पापुद्रा निघतो. दुरुस्ती शेवटची नाही, आपल्यानंतरही कोणीतरी हे उघडणार आहे, हे गृहीत धरून केलेले काम आणि तसे न धरता केलेले काम यांत एवढाच फरक असतो.

भाता, बनात, झडपांचे चामडे, स्प्रिंगा आणि दोऱ्या हे सारे भाग मुळातच झिजण्यासाठी होते. ते बदलल्याने ऑर्गनचे ऑर्गनपण जात नाही. पेटीच्या बाह्यांगाविषयी इतके निश्चिंत राहता येत नाही. अक्रोडाच्या लाकडावरील लाखेचे जुने पॉलिश काळवंडले म्हणून त्यावर तेलरंग फासलेले, किंबहुना सनमायका चिकटवलेले ऑर्गनही पाहावयास मिळतात. तरीही हे नुकसान डोळ्यांचे आहे. कानाचे नुकसान याहून गंभीर असते.

सूर : जे परत येत नाही

ऑर्गनचा सूर काढण्यासाठी आकड्याची एक छोटी सळई असते. तिने सूर त्याच्या खोबणीतून अलगद ओढून घेतात. धुळीचा एक कण जिभेखाली अडकला तरी सूर मुका होतो. मऊ कुंचल्याने, मुळाकडून टोकाकडे झाडले की तो पुन्हा बोलतो. येथपर्यंत काम निरुपद्रवी आहे. धोका सुरू होतो तो सूर 'मिळवताना'.

जिभेचे टोक खरवडून हलके केले की स्वर चढतो. मुळाशी खरवडून ती लवचीक केली की स्वर उतरतो. दोन्ही रीतींत पितळ कमी होते. एकदा खरवडलेले पितळ परत येत नाही. एक चूक सुधारण्यासाठी दुसऱ्या टोकाला खरवडावे लागते आणि जीभ दोन्हीकडून पातळ होत जाते. अशा जिभेचा आवाज किनरा होतो, जोराच्या हवेवर स्वर डळमळतो आणि अखेरीस एखाद्या रात्री, भर पदात, ती मुळाशी तुटते. शिवाय खरवडताना कारखान्यात दिलेला बाक हलतो. सूर मिळतो, पण त्याचा मूळचा आवाज निघून जातो. या अर्थाने दुरुस्तीतील हीच एक क्रिया उलट करता येत नाही.

मग सूर मिळवण्याची गरज का भासते? काही सूर काळाच्या ओघात, गंजाने वा धुळीने खरोखरच आपल्या जागेवरून ढळलेले असतात. ते शेजाऱ्यांशी जुळवून घेणे योग्यच आहे आणि त्यासाठी अत्यल्प पितळ खर्ची पडते. परंतु संपूर्ण ऑर्गन, त्याचे शेकडो सूर, एका नव्या पट्टीवर नेण्याची मागणी जेव्हा होते तेव्हा कारण वेगळे असते. फ्रान्सने १८५९ साली मध्यसप्तकातील 'ए' हा स्वर ४३५ हर्ट्झवर निश्चित केला होता. अमेरिकेतील पियानो-निर्मात्यांनी १८९१ साली तीच पट्टी स्वीकारली. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ सुमारे ४५२ हर्ट्झची उंच पट्टी प्रचलित होती. आज सर्वत्र मानली जाणारी ४४० हर्ट्झची पट्टी १९३९ च्या लंडन परिषदेनंतर रूढ झाली. साहजिकच त्यापूर्वीचा ऑर्गन आजच्या कीबोर्डशी वा आजच्या कारखान्यातील हातपेटीशी जुळत नाही. ४३५ ची पट्टी ४४० पेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे एक-पंचमांशाने खाली असते. ४५२ ची पट्टी जवळजवळ पाव स्वराने वर असते. एकट्या गायकासाठी हा फरक नगण्य आहे. तबला चढवता-उतरवता येतो, तंबोरा जुळवता येतो, गायकाचा गळा तर काय हवा तो षड्ज घेतो. प्रश्न उद्भवतो तो त्याच मंचावर कीबोर्ड आला म्हणजे. कीबोर्डवादकाने एक कळ फिरवली तर त्याचे यंत्र ४३५ वर सहज उतरते. तरीही खरवडला जातो तो ऑर्गन. याहून उफराटा न्याय शोधून सापडणार नाही.

काही अभ्यासू संग्राहकांचा आग्रह याच्या पुढचा असतो. कारखान्यातून आलेला ऑर्गन समविभाजित सप्तकाचा असतो. त्याचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे चौदा सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाने चढा असतो. तो उतरवून घ्यावा असे त्यांना वाटते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्रुति-हार्मोनियमचा प्रयोग याच हेतूने केला होता. हेतू आदरणीय आहे; मात्र देवलांनी त्यासाठी नवे वाद्य घडवून घेतले, जुने खरवडले नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. शिवाय एका षड्जासाठी उतरवलेला गांधार दुसरा षड्ज घेताच बेसूर ठरतो. नाटकात स्त्री-भूमिका आणि पुरुष-भूमिका यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. काळी एकच्या गायकानंतर काळी चारची गायिका आली की हा सारा खटाटोप उलटतो.

येथे एक ऐतिहासिक मुद्दाही गुंतलेला आहे. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांच्या पट्ट्यांविषयी आपण ध्वनिमुद्रिकांवरून बोलतो. पण तबकडी कोणत्या वेगाने कोरली गेली हे नेहमीच निश्चित नसते आणि वेग बदलला की स्वर बदलतो. नाटक कंपनीत वापरलेला, खात्रीचा इतिहास असलेला आणि न खरवडलेला ऑर्गन हा या बाबतीत अधिक विश्वासू साक्षीदार ठरू शकतो. 'काळी एक' म्हणजे त्या रंगमंचावर नेमके किती हर्ट्झ, हे तो सांगू शकतो. सूर खरवडला की ही साक्ष पुसली जाते, आणि ती पुसली गेल्याचे कोणाला कळतही नाही.

आडिवरे येथील निर्मिती आणि नोंदीची गरज

'हात लावू नका' हा गिटार-संग्राहकांचा नियम येथे लागू करता येत नाही, कारण न वाजणाऱ्या ऑर्गनला कोकणच्या पावसात कोणी सांभाळत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील वाद्यांचे दालन मोलाचे आहे. तथापि काचेमागील भाता एकाच जागी मिटून राहिला की घडीवर तडकतो. अधूनमधून वाजणे ही या वाद्याची प्रकृती आहे. दुसऱ्या बाजूला, प्रत्येक प्रयोगाच्या सोयीने जुन्या वाद्याला नव्या पट्टीवर नेणेही समर्थनीय ठरत नाही. या पेचातून सुटण्याचा एक मार्ग रत्नागिरी जिल्ह्यातच निघाला आहे. राजापूर तालुक्यातील आडिवरे येथे उमाशंकर दाते यांनी जुन्या ऑर्गनच्या अभ्यासातून भारतातच नवा ऑर्गन घडविण्याचे काम केले. महाकालीच्या देवस्थानासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात लाइपझिग आणि बोस्टनची विद्या यावी, हे कोकणच्या कारागिरीच्या परंपरेशी सुसंगतच म्हणावे लागेल.

या घटनेचे महत्त्व नवे वाद्य उपलब्ध झाले एवढ्यापुरते नाही. गिटारच्या जगात असलेली वाटणी आता ऑर्गनच्या बाबतीतही प्रथमच शक्य झाली आहे. ज्या प्रयोगात ४४० ची पट्टी अपरिहार्य आहे तेथे नवा ऑर्गन वापरता येतो आणि जुन्याचे सूर त्याच्या मूळ पट्टीवर राहू देता येतात. सुरांची उणीव मात्र अजून आहे. गुजरातमधील पालिताना येथे हातपेटीचे सूर तयार होतात आणि देशभरातील पेट्यांत ते बसतात. परंतु ऑर्गनच्या खोबणीत बसणारा, बाक व पीळ दिलेला सूर ही वेगळी वस्तू आहे. तुटलेल्या सुराच्या जागी दुसऱ्या मोडक्या ऑर्गनमधील सूर बसवणे हाच आजही सर्वांत चांगला उपाय ठरतो, आणि त्यासाठी मोडीत निघालेल्या ऑर्गनचे सूर भंगारात न देता क्रमवार कागदात गुंडाळून ठेवणे अगत्याचे आहे.

जिल्ह्यातील महाविद्यालयांना येथे करण्यासारखे काम आहे आणि त्याला मोठा निधी लागत नाही. दुरुस्तीपूर्वी प्रत्येक सुराची कंपनसंख्या मोजणे आता साध्या मोबाइलवरील ट्यूनरनेही शक्य आहे. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी ती दिवसाभरात मोजून तक्त्यात भरू शकतो. मोजताना भात्यावरील दाब शक्यतो एकसारखा राखावा लागतो, कारण जोराच्या हवेवर सूर किंचित हलतो. खोलीचे तापमानही टिपून ठेवावे लागते. तक्त्यात क्रमांकाचा शिक्का, विक्रेत्याची पट्टी, खुंट्यांची नावे, भात्याचे मूळ कापड कोणते होते व कोणते बसवले, कोणता सूर कोठून आणला आणि कोणत्या जिभेवर खरवडल्याच्या जुन्या खुणा आहेत, या बाबी असाव्यात. तक्त्याची एक प्रत ग्रंथालयात राहावी. दुसरी मागील फळीच्या आतल्या बाजूस, पुढच्या कारागिराला प्रथम दिसेल अशा जागी, सरसानेच चिकटवावी.